हुतूतूचा दम आणि जादू: बडोद्यात घडणारी मुलांची साहसमालिका

कोठीवाली (वडोदरा)

मंडळी, सुट्टीत सोसायटीतल्या पोरांना गोष्टी सांगत बसते, त्यातली एक लांबतच गेली. आता तिची मालिका लिहायला घेतली आहे. खेळ आणि जादू एकत्र, वाचणाऱ्याचं वय नऊ ते तेरा, गाव आपलं बडोदं. कच्चा आराखडा टाकते, मोकळेपणाने झोडपा.

गार्गी सहावीत आहे, दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात राहते. हुतूतूचं वेड, पण छाती नाजूक, दम पुरत नाही. तिच्या संघात सात जण. त्यातले मुख्य चार सांगते: गार्गी, तिचा चुलतभाऊ मंदार (पकड लोखंडी, मन सशाचं), मांडवीची रुखसाना, जिला जमिनीला कान लावला की खालचं ऐकू येतं, आणि हर्षिल पटेल, जो कुठल्याही खेळाचं नियमांचं पुस्तक आधी वाचतो आणि मग मैदानात उतरतो.

शहराखाली दुसरं एक बडोदं आहे. लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांतून तिथे उतरता येतं, पण प्रत्येक दरवाजाची वेळ वेगळी. खालचे लोक भांडणं कोर्टात नेत नाहीत, मैदानात नेतात. जो हरेल त्याच्या जगातलं काहीतरी जिंकणाऱ्याकडे जातं. आधी सुरसागर तलावावरचा संध्याकाळचा वारा जातो. कोणाच्या लक्षातही येत नाही. मग देवळांच्या घंटांचा आवाज. मग लोकांना आपल्याच गल्लीचं नाव आठवेनासं होतं.

चार भाग, चार खेळ: हुतूतू, आट्यापाट्या, मल्लखांब आणि साठमारी (आखाड्यात हत्तीला डिवचण्याचा जुना खेळ). हुतूतूपासून सुरुवात केली कारण त्या खेळावर आपल्या गावाचा हक्क आहे. 1923 साली इथल्या हिंद विजय जिमखान्याने त्याचे नियम छापले आणि त्या नियमांवर बडोद्यात स्पर्धा भरवली.

जादू आहे ती दमाची. एका श्वासात उच्चार चालू असेल तेवढा वेळ ती चालते. पण जादूला लागणारा श्वास खेळाच्याच श्वासातून जातो.

अडलंय ते असं: ज्यांच्याकडे जादू आहे ते हरतील कसे? आणि हरणारच नसतील तर पोरांनी सामना वाचायचा कशाला?

खडीसाखर (वडोदरा)

कोठीवाली ताई, आराखडा माझ्या मुलाला वाचून दाखवला. वय दहा, पुस्तकं मधेच टाकून देण्यात पटाईत. गल्लीचं नाव आठवेनासं होतं तिथे तो उठून बसला. वारा नाहीसा होण्याचं मात्र त्याला काही वाटलं नाही. "मे महिन्यात तसाही नसतो," म्हणाला.

तुमच्या प्रश्नावर माझं मत. अशा मालिकांत बहुतेक वेळा खेळ मेलेला असतो. एका जगप्रसिद्ध इंग्रजी मालिकेत हवेत उडून खेळायचा खेळ आहे. त्यात बाकीचे गडी दहा-दहा गुणांनी जीव काढत असतात आणि एकाने बारकासा उडता चेंडू पकडला की एकदम दीडशे गुण आणि सामना खलास. मग बाकीचे कशाला घाम गाळत होते? मुलांना हे कळतं बरं का. गल्लीत कोणी असा नियम काढला तर त्याला दुसऱ्या दिवशी खेळायला घेणार नाहीत.

राजवाडा_चौक (इंदूर)

कल्पना छान, पण क्रिकेट कुठे आहे? बडोद्यावर खेळाची मालिका लिहायची आणि क्रिकेट वगळायचं म्हणजे कमाल झाली. जादू पाहिजे ना? 1946-47 ची रणजी अंतिम लढत घ्या. तुमच्याच गावात, आमच्या होळकर संघाविरुद्ध. विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी 577 धावा जोडल्या. गुल महंमद 319, हजारे 288. एवढी मोठी भागीदारी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पुढे 2006 पर्यंत कोणालाही जमली नाही. कर्णधार सी. के. नायडू असताना आमचे गोलंदाज दिवसभर नुसते पळत होते. आमच्या आजोबांच्या मते त्या खेळपट्टीखाली नक्कीच कोणीतरी काहीतरी पुरलेलं होतं.

कोठीवाली

राजवाडा, ही गोष्ट मी चोरणार. पण क्रिकेट मुद्दाम टाळलंय. त्यात जादू आणली की चेंडू वळतो नाहीतर बॅट चमकते, त्यापलीकडे माझी मजल जात नाही. हुतूतूत श्वास आहे, स्पर्श आहे आणि एक रेघ आहे. तेवढ्यात सगळं बसतं.

नऊपाटी (वडोदरा)

बऱ्याच वर्षांनी इथे लिहितो आहे. शाळा-कॉलेजात कबड्डी आणि खो-खो खेळलो, पुढे काही वर्षं पंचगिरी केली. कोठीवाली, तुमचं कोडं खेळाच्या नियमांतच सुटलेलं आहे, जादू वेगळी शोधू नका.

आज जी कबड्डी, म्हणजे आपलं हुतूतूच, टीव्हीवर दिसते तिच्यात चढाई तीस सेकंदांची असते. तीस सेकंद दम धरणं कसलेल्या गड्याला फारसं जड नाही, त्यामुळे श्वासाची गंमत मागे पडली आणि घड्याळ पुढे आलं. तुमच्या खालच्या बडोद्यात घड्याळ ठेवूच नका. दम संपेपर्यंत चढाई. दम तुटला आणि तुम्ही पलीकडच्या अंगणात असाल तर बाद. गार्गीची छाती नाजूक आहे हे मग नुसतं वर्णन राहत नाही, प्रत्येक चढाईत वाचणारा तिच्याबरोबर श्वास धरतो.

आता मुख्य गोष्ट. जुन्या काळी हा खेळ तीन तऱ्हांनी खेळत. संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला एक बाद झालेला गडी परत जिवंत होतो. गामिनीत बाद झालेला बाहेरच राहतो, पूर्ण संघ बाद होईपर्यंत. वेळेची मर्यादा नाही. आणि अमरमध्ये स्पर्श झालेला गडी बाहेर जातच नाही, समोरच्याला नुसता गुण मिळतो. आजची कबड्डी संजीवनीवर उभी आहे.

म्हणजे एकाच मैदानावर तीन प्रकारचे मृत्यू आहेत बघा. खालच्या लोकांना तुम्ही गामिनी खेळायला लावा. गडी गेला की गेला. एकेक जण कमी होत जातो आणि शेवटी एकटी गार्गी उरते, समोर चार-पाच जण. आणि संजीवनीचा नियम खाली कोणीतरी फार पूर्वी दडवून ठेवलेला आहे असं करा. हर्षिलला तो सापडतो, कारण नियमांचं पुस्तक वाचणारा तोच. मग पहिल्या भागाचा शेवट जादूने जिंकण्यात नाही, "आम्हाला या नियमाने खेळायचंय" असं भर मैदानात म्हणण्यात आहे. हरणारे कसे हरतील, हा प्रश्नच मग उरत नाही. जादू सगळ्यांकडे आहे, नियम बदलला की ती कोणाच्या बाजूला झुकते एवढंच.

खो-खोतही असंच आहे. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही आणि मधली पाटी ओलांडता येत नाही. मागे वळण्याची जादू कोणाला दिलीत तर त्याच क्षणी खेळ संपला. त्याला मागे वळायचा मोह द्या आणि वळू देऊ नका.

अल्कापुरीकर (वडोदरा)

थोडं विरजण घालतो. हे सगळं वाचून आपणच खूश होतोय. आपल्या पोरांपैकी आट्यापाट्या कोणी पाहिल्या आहेत? माझी मुलगी स्केटिंगला जाते, शेजारचा फुटबॉलला. गोत्रीकडच्या सोसायट्यांत तर मातीचं मैदानच उरलेलं नाही. जुने खेळ, जुने दरवाजे, जुना वाडा, ही आजी-आजोबांची हौस आहे, मुलांची नाही. मुलं जादूसाठी वाचतील आणि खेळाची पानं उलटतील.

दुसरं. जुन्या तालमींत मुलींना कुठे प्रवेश होता? आता गार्गी आणि रुखसाना तिथे खेळणार म्हणजे इतिहासाला रंग देणं झालं.

सुरसागर_2 (वडोदरा)

अल्कापुरीकर, 2025 च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. माझी पुतणी अंतिम सामना बघून दुसऱ्या दिवशी शाळेत खांबावरून घसरून गुडघे फोडून आली. खेळ दिसला की पोरं उतरतात.

कोठीवाली

अल्कापुरीकर, मुलींचा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो लपवणार नाही. गोष्ट आजच्या काळातली आहे. खालच्या बडोद्यातले लोक मात्र जुने आहेत आणि पहिल्याच भेटीत ते म्हणतात, "पोरी कुठे खेळतात?" रुखसाना विचारते, "नियमात कुठे लिहिलंय?" हर्षिल पुस्तक उघडतो. नियमात कुठेच लिहिलेलं नसतं.

आट्यापाट्या कोणी पाहिल्या नाहीत, हेच तर माझ्या फायद्याचं आहे. अनोळखी खेळ पोरांना जादूइतकाच नवा. नऊ आडव्या पाट्या, त्यांना उभी छेदणारी सूरपाटी, प्रत्येक पाटीवर एक पहारेकरी, आणि सूरपाटीवरचा मात्र सगळ्यांच्या अंगणातून धावू शकतो. पार जायचं आणि तसंच परत येऊन लोण चढवायचं. भुलभुलैया म्हणून आयताच तयार आहे.

बरं, नऊपाटींचं ऐकून रात्री एक तुकडा लिहिला. टाकते.

*मध्यरेषा ओलांडताच गार्गीने उच्चार धरला. हुतूतूतूतू. खालची माती काळी होती आणि तळपायांना कोमट लागत होती. समोर चार गडी, पण जमिनीवर सावल्या सात.*

*"सावल्या बघू नकोस! पाय बघ!" मागून हर्षिल ओरडला. बाद होऊन तो रेघेबाहेर बसला होता आणि अजून सूचना देत होता.*

*डाव्या कोपऱ्यातला गडी वाकला. गार्गीने उजवीकडे झुकल्यासारखं केलं, डावा पाय लांब फेकला, अंगठा त्याच्या गुडघ्याला निसटता लागला. एक. आता परत. पण मधले दोघे साखळी करून तिच्या आणि रेघेच्या मध्ये आले होते.*

*तिला शब्द येत होता. आजीने खालच्या पायरीवर शिकवलेला, तीन अक्षरांचा. तो म्हटला असता तर साखळीतले हात क्षणभर दगडाचे झाले असते. पण तीन अक्षरं म्हणजे तीन पावलांचा दम. रेघ चार पावलांवर होती. छातीत किती उरलंय ते तिला ठाऊक होतं, तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं सगळे म्हणत आले होते, हिला दम नाही. म्हणून ती लहानपणापासून प्रत्येक श्वास मोजत आली होती.*

*तिने शब्द गिळला आणि साखळीच्या खालून, मातीला नाक घासत, सूर मारला.*

खडीसाखर

चिरंजीवांचा निकाल: "पुढचं कधी?" त्याच्याकडून एवढं येणं म्हणजे पुष्कळ झालं. शेवटून दुसरा परिच्छेद मी पुन्हा वाचला. दम कमी असलेली मुलगीच हिशेबात सगळ्यांत पक्की, हे फार आवडलं.

त्याने एक प्रश्न विचारलाय आणि मला उत्तर देता आलं नाही. "पंच कोण आहे?" म्हणे, सावल्यांचे गडी खोटं बोलणारच, मग बाद कोण देणार?

एरंडेल (वडोदरा)

मल्लखांबाच्या भागाबद्दल बोलतो, कारण तो मी शिकवतो. बाकीचं तुम्ही बघा.

या खेळाचा जन्मच तुमच्या मालिकेत शोभेल असा सांगितला जातो. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाकडचे अली आणि गुलाब हे पैलवान आले, त्यांनी आव्हान दिलं. बाळंभटदादा देवधर हा कोवळा मुलगा पुढे झाला, तयारीला मुदत मागितली आणि सप्तशृंगीच्या डोंगरावर गेला. तिथे मारुतीने लाकडी खांबावर पेच करून दाखवले. परत येऊन त्याने गुलाबला चीत केलं, आणि अली कुस्तीला उभाच राहिला नाही. पण मल्लस्तंभाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या सोमेश्वराच्या मानसोल्लास या ग्रंथातही आहे, तेव्हा खांब आधीपासून होता. बाळंभटांनी विद्या पुन्हा उभी केली एवढं धरा.

सांगायचं ते वेगळंच. या गोष्टीत देव दिसला, तरी परतल्यावर कुस्ती त्याची त्यालाच खेळावी लागली. मारुतीने त्याच्या जागी उतरून गुलाबला पाडलं नाही. तुमच्या तिसऱ्या भागात खांबाने स्वतःहून पोराला वर उचललं तर मी पुस्तक माझ्या वर्गात ठेवणार नाही. पहिल्या दिवशी पोरगं खांबाला मिठी मारतं आणि तेलामुळे सरळ खाली येतं. आधी अढी, म्हणजे पायांची पकड, घट्ट व्हावी लागते, मग दसरंग, मग वेल, सुईदोरा, ताजवे हे पुढचे प्रकार. मांड्या सोलवटतात. एरंडेलाचा वास आठवडाभर अंगातून जात नाही, आया ओरडतात. ते सगळं आलं पाहिजे. मंदारला या भागात घ्या, भित्र्या पोराची भीती खांबावर जशी उघडी पडते तशी कुठे पडत नाही. वर गेल्यावर उलटं लटकून हात सोडायचे असतात, तिथे कोणीच त्याच्या वतीने हात सोडू शकत नाही.

आणि अल्कापुरीकर, आज दोरीच्या मल्लखांबावर सगळ्यांत भारी मुलीच असतात. येऊन बघा.

कोठीवाली

एरंडेल सर, खांब कोणालाही उचलणार नाही, शब्द देते. या भागात जादू फक्त एवढीच: खांबावर पूर्ण उलटं झालं आणि हात सुटले की खालचं बडोदं वर आणि वरचं खाली दिसतं. तिसऱ्या भागाचं सगळं रहस्य उलटं बघूनच सुटतं. पण तिथे पोचायला मंदारला अर्धं पुस्तक घसरावं लागेल.

तालमीचे गुरू माणिकरावांवरून थोडे सुचले आहेत. उस्ताद जुम्मादादांचे शिष्य, गुरूच्या नावाने व्यायाम मंदिर चालवणारे. कैवल्यधाम ही योगसंस्था काढणारे स्वामी कुवलयानंद तरुणपणी त्यांच्याचकडे शिकले. पुस्तकातल्या गुरूंचं नाव आणि स्वभाव माझाच असेल. त्यांच्या खोलीत करंदीकर-मुजुमदारांचा व्यायाम ज्ञानकोश असणार, 1936 ते 1949 मध्ये बडोद्यात निघालेले दहा खंड. हर्षिलला दडवलेला नियम सापडतो तो अशाच एका पुस्तकात, जे दहा खंडांच्या रांगेत अकरावं म्हणून उभं असतं.

नऊपाटी

अकरावा खंड! वा. तो दिसणार कुठे, मध्यवर्ती ग्रंथालयात टाका. 1910 चं, मजल्यांच्या लाद्या काचेच्या. वरच्या मजल्यावर चालणाऱ्याची सावली खालच्या पुस्तकांवर पडते. तिथे पाचवा दरवाजा करायला कोणी नको म्हणणार नाही.

राजवाडा_चौक

आणि गामाचा दगड? बडोद्याला आलो तेव्हा सयाजीबागेतल्या संग्रहालयात पाहिला होता. बाराशे किलो, 1902 साली गामा पैलवानाने उचलला म्हणतात. खेळ आणि जादू एकत्र यापेक्षा कुठे मिळणार?

अल्कापुरीकर

बाराशे किलो कोणी उचललेला नाही. आजचे जगातले सगळ्यांत ताकदवान लोक खास तयारी करून, सरळ सळई धरून, जेमतेम पाचशे किलोच्या थोडं पुढे जातात आणि तेही नुसतं जमिनीवरून मांडीपर्यंत. गोल दगड, धरायला काही नाही, आणि तो छातीशी घेऊन चालला? माझ्या मुलीला हे खरं म्हणून सांगणार नाही.

एरंडेल

गामा मोठा पैलवान होता याबद्दल वाद नको. दगड किती हलवला, कलता केला की उचलला, हे बघायला आपण नव्हतो.

अल्कापुरीकर

सर, गामाबद्दल शंका नाहीच. वजनाबद्दल आहे.

कोठीवाली

तुमचा हा वाद असाच्या असा पुस्तकात जाणार! हर्षिल गणित मांडतो, रुखसाना म्हणते माझ्या नानांनी सांगितलंय, मंदार दगडाला हात लावून बघतो. मी उत्तर देणार नाही. दुसऱ्या भागात खालच्या बडोद्यातही तसाच एक दगड असेल आणि तो कोणीच उचलणार नाही, आमचे नाहीत, त्यांचे नाहीत. मुलं सातजण मिळून तो लोटतात. त्याखाली एक दार आहे. लोटायला हरकत नाही ने, अल्कापुरीकर?

अल्कापुरीकर

लोटायला हरकत नाही. सात मुलांनी बाराशे किलो लोटणं कठीण, पण गोल असेल आणि उतार असेल तर जमेल. उतार दाखवा म्हणजे झालं.

जुनी_पोळ (वडोदरा)

चौथ्या भागाकडे कोणी वळलंच नाही म्हणून लिहिते. साठमारी मुलांच्या पुस्तकात कशी घेणार? पाणीगेटच्या बाजूला त्या नावाची वस्ती आहे, रोज तिथून जातो, पण आत काय चालायचं ते आठवलं की बरं वाटत नाही. गायकवाडी काळात मदमस्त हत्तीला आखाड्यात सोडायचे, पायी माणसं त्याला डिवचायची, आणि अंगावर आला की भिंतीतल्या अरुंद दारांतून निसटायची. माणूस आत मावतो, हत्ती मावत नाही. राजेसाहेब वरून बघणार. चपळाई होती, धाडस होतं, मान्य. पण हत्तीने खेळायचं कबूल केलं होतं का?

याच्या बदल्यात एक सुचवू? ज्येष्ठीमल्ल या पैलवान जमातीची लिंबजा देवी घ्या. कडुलिंबात राहते अशी श्रद्धा. त्या मल्लांच्या कुस्तीवरचं संस्कृत मल्लपुराण 1964 साली आपल्याच प्राच्यविद्या मंदिराने (ओरिएंटल इन्स्टिट्यूट) छापलं. पैलवानांची स्वतःची देवी, झाडात राहणारी. यापेक्षा सुंदर पात्र कुठे मिळेल?

कोठीवाली

जुनी_पोळ ताई, लिंबजा मिळाल्याबद्दल आभार. साठमारी मात्र ठेवणारच आहे, तुम्ही विचारलेल्या प्रश्नासाठीच. चौथ्या भागात डाव हत्तीच्या बाजूने सांगायचा आहे. खालच्या बडोद्यात हत्ती परत आलेत आणि या वेळी आखाड्याचे नियम ते ठरवतात. दारं त्यांनी स्वतःच्या मापाची केली आहेत. आपल्या सात जणांना उतरावं लागतं, निसटायला जागा नाही, आणि मारायचं काहीच नाही. खेळायला तयार आहे का, असं हत्तीला विचारायचं आणि तो नाही म्हणाला तर थांबायचं. थांबणं हाच डाव. थरारक कसं करायचं ते अजून सुटलेलं नाही.

सुरसागर_2

हत्ती नाही म्हणाला हे कळणार कसं? तिथे रुखसाना. जमिनीला कान. हत्तींचा खोल आवाज आपल्या कानांना ऐकू येत नाही आणि तो जमिनीतूनही जातो, हे खरोखरचं आहे. पहिल्या भागापासून तिला खालचं ऐकू येतं असं तुम्ही लिहिलंच आहे, तिला ऐकू येत होतं ते हत्तींचंच.

कोठीवाली

हे मला का सुचलं नाही! घेतलं.

खडीसाखर

अहो, पंचाचं राहिलंच. घरात रोज विचारणा होते आहे. आता त्याने स्वतःच उत्तर काढलंय, जसंच्या तसं लिहिते: "पंच मगर पाहिजे. विश्वामित्री नदीतली. ती हलत नाही, कोणाशी भांडत नाही, आणि तिच्याशी कोणी भांडायला जात नाही."

नऊपाटी

पंचगिरी केलेला माणूस म्हणून सांगतो, यापेक्षा चांगली नेमणूक शक्य नाही. आणि बसतंही चपखल. मगर पाण्याखाली तासाभरापर्यंतही श्वास धरू शकते. दमाच्या खेळात पंच असा हवा की ज्याचा दम सगळ्यांत मोठा. चढाई सुरू झाली की ती पाण्याखाली जाते, उच्चार ऐकते, दम तुटला की वर येते. नाकपुड्या दिसल्या की गडी बाद. शिट्टीची गरजच नाही.

जुनी_पोळ

कल्पना मस्तच, पण एक विनंती. 2024 च्या पुरात मगरी रस्त्यांवर, अंगणांत आल्या होत्या. आमच्या पलीकडच्या गल्लीतून वनखात्याच्या लोकांनी एक उचलून नेली. पोरं पुस्तक वाचून नदीकाठी पंच बघायला जायची! पुस्तकातली मगर गोड करू नका.

कोठीवाली

गोड अजिबात नसेल. पहिल्याच प्रकरणात हर्षिल नियम वाचून दाखवेल: पंचापासून तीस पावलं. जो जवळ जाईल तो बाद, आणि हे बाद होणं संजीवनीतही परत मिळत नाही.

एरंडेल

पंचाशी हुज्जत घालणाऱ्या पालकांनाही हाच नियम लावता येईल का? आमच्या स्पर्धांना फार गरज आहे.

राजवाडा_चौक

मगर पंच आहे तर होळकरांचा संघ पाचव्या भागात येऊ दे. 577 चा हिशेब अजून बाकी आहे.

कोठीवाली

या की. पण हुतूतू खेळावं लागेल, आणि गामिनीने. पहिली तीन प्रकरणं पुढच्या आठवड्यात वेगळ्या धाग्यावर टाकते. खडीसाखर, चिरंजीवांना विचारा, मगरीचं नाव काय ठेवायचं? मी "पंचीणबाई" लिहून ठेवलंय, पण आमच्या सोसायटीतल्या पोरांनी ते एकमताने नापास केलंय.

खडीसाखर

विचारलं. "नाव नको, पंचाला नाव नसतं," म्हणाला आणि खेळायला गेला.